भरवसा आणि रोजचं जगणं: मराठी ख्रिस्ती कुटुंबांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी उपासना सुटली तरी आमच्याकडे लोक लगेच घरी जात नाहीत. कोणी चिंचेखाली थांबतं, कोणी चपला शोधत शोधत माझ्याजवळ येतं आणि हळूच म्हणतं, "बाई, एक विचारायचं होतं." मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. संडे स्कूल घेते, आणि बुधवारी संध्याकाळी बायकांचा बायबल-अभ्यास. नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर) आमची मंडळी लहान आहे: शेतकरी, नर्सबाई, शिक्षक, साखर कारखान्यावर जाणारे, आणि पुण्या-मुंबईला नोकरीत असलेली त्यांची मुलं. प्रश्न तेच तेच येतात, पण अलीकडे विचारणाऱ्याच्या आवाजात भीती जास्त असते. म्हणून हे लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत. आमच्या पाळकसाहेबांनी ती वाचली. दोन ठिकाणी त्यांचं मत वेगळं पडलं, ते तिथेच सांगितलं आहे.

देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरतो, तेव्हा वर दोर धरणारा कोण आहे हे तो आधी बघतो. दोर मजबूत आहे हे काठावर उभं राहून मान्य करणं सोपं असतं. आपलं सगळं वजन त्या दोरावर सोडलं, की त्याला भरवसा म्हणायचं.

पवित्र शास्त्रात मला या बाबतीत दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायाइतकं स्पष्ट काही सापडलं नाही. राजाच्या मूर्तीपुढे न वाकणारे तीन तरुण भट्टीपुढे उभे आहेत. ते म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही वाकणार नाही. सगळा भरवसा त्या "तरी"मध्ये आहे. पुढे काय होतं तेही नीट वाचा. भट्टी विझत नाही. तिघांना आत टाकलं जातं, आणि आत चौथा कोणी तरी त्यांच्याबरोबर फिरताना दिसतो. देवाने आपल्याला आगीपासून लांब ठेवण्याचा शब्द दिलेला नाही, आगीत सोबत राहण्याचा दिला आहे. खालच्या बहुतेक उत्तरांत मी याच गोष्टीकडे परत येते, कारण त्याहून मोठं आश्वासन मला ठाऊक नाही.

मग दुष्काळ, अपघात, आजार देव येऊच का देतो? आमच्या पापाची शिक्षा असते का?

"का" याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि शास्त्रातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबालाही ते मिळालं नव्हतं. शिक्षेबद्दल मात्र येशूने स्वतः सांगून ठेवलं आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा त्याने विचारलं, ती माणसं यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही (लूक १३). ज्या घरात मूल गेलं आहे तिथे बसून "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणण्याआधी हा उतारा आठवावा. त्या घरात जायचं, पाणी भरायचं, चूल पेटवायची. बोलायची घाई नको.

या प्रश्नावर मी वर्गात नेहमी पंडिता रमाबाईंबद्दल सांगते. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने रमाबाईंना. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थं पायी फिरत होतं. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. पुढे भाऊही गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवराही. त्या ख्रिस्ती झाल्या त्या ही सगळी मरणं पाठीवर घेऊन.

पुढे १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाईंचं शारदा सदन पुण्यात चाललं होतं. घरच्या संस्थेचे प्रश्न कमी नव्हते. तरी त्या तिकडे गेल्या, आणि उपाशी, बेवारस मुलींना, तरुण विधवांना घेऊन आल्या. एवढ्या जणींना ठेवायचं कुठे? दौंडजवळ केडगावला जमीन घेतलेली होती. तिथे आधी आडोसे उभे राहिले, मग मुक्ती सदन. दोन-चार वर्षांत गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या.

रमाबाईंनी ही सेवा करावी म्हणून देवाने त्यांचं घर दुष्काळात मारलं, असं मी कधीही म्हणणार नाही. तसं म्हणणं मला भयंकर वाटतं. मला एवढंच दिसतं, की भूक म्हणजे काय हे ज्या बाईला पोटातून माहीत होतं, ती भुकेल्यांकडे पाठ करून बसली नाही, आणि त्या वाटेवर आपण एकटी नाही हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा वारली. त्याही दुःखात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ते हातावेगळं झालं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या.

एवढी प्रार्थना केली, आजार बरा झाला नाही. माझा विश्वास कमी पडला का?

नाही. तीनदा वाचा हे: नाही, नाही, नाही.

पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही. तीमथ्याला पोटाचा त्रास होता, तो वारंवार आजारी पडायचा. येशूने गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही. यांतल्या कोणाचा विश्वास तोकडा होता?

माझ्या धाकट्या बहिणीला कॅन्सर झाला, तेव्हा बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने तिच्या उशाशी उभं राहून सांगितलं, "ताई, तुमच्या विश्वासात फट आहे, म्हणून हात लावूनही गुण येत नाही." शेवटचे दोन महिने ती ती फट शोधत राहिली. दुखणं तिने सोसलं असतं. हे सोसवलं नाही. त्या दिवशी मी त्याला दाराबाहेर काढलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या घरी कोणी असं बोललं, तर तुम्ही काढा.

औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास का?

लूक वैद्य होता. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय सुरू केलं, ते प्रार्थना करणारेच होते, आणि शस्त्रक्रियाही करत होते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. प्रार्थना करा आणि गोळी घ्या.

"हजार रुपये पेरा, देव शंभरपट देईल" असं सांगतात. खरं आहे का?

खोटं आहे. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला येशूने नावाजलं, पण तिला घरी जाताना हंडा सापडल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. दान द्या, आनंदाने द्या, पण देवाशी सौदा म्हणून देऊ नका. आणि ज्याच्याकडे मुलीच्या फीचे पैसे नाहीत त्याच्याकडून कोणी मागत असेल, तर तो देवाचं नाव घेऊन चोरी करतो आहे.

सध्या वातावरण तापलेलं असतं. आपण ख्रिस्ती आहोत हे सांगावं की गप्प राहावं?

आधी आकडा बघू, म्हणजे आपण कोण आहोत ते कळेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, शेकडा एकालाही थोडे कमी. आपण मूठभर आहोत. भीती वाटते हे कबूल करायला लाज नको; शिष्यही दारं बंद करून बसले होते, आणि येशू त्या बंद दारांच्या आत येऊन उभा राहिला.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. संविधानाचा अनुच्छेद २५ प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपली श्रद्धा समोर मांडता येते, माणसाला ओढता येत नाही. मला यात अडचण वाटत नाही. येशूनेही श्रीमंत तरुणाला जाऊ दिलं होतं, मागे धावून धरलं नव्हतं.

व्यवहारातलं सांगते. घरी प्रार्थनासभा असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, चहाला बोलवा. भोंगा लावू नका. दुसऱ्याच्या लहान मुलांना आईबापांना न विचारता बसवू नका. मदतीचं धान्य आणि सुवार्तेचं पत्रक एकाच पिशवीतून देऊ नका. भुकेल्या माणसाला "नाही" म्हणता येत नाही, आणि ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याच्या "हो"ला अर्थ नाही. दुसऱ्यांच्या देवांबद्दल वेडंवाकडं बोलू नका. आपल्यातल्या काहींनी ते केलेलं आहे आणि त्याचे चटके सगळ्यांना बसले आहेत. कोणी जमाव घेऊन आलं तर वाद घालू नका, ११२ ला फोन करा, पोलिसांशी नम्रपणे बोला, तक्रारीची प्रत मागून घ्या, आणि वकिलाचा नंबर आधीपासून लिहून ठेवा.

आणि कोणी सरळ विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती का?" तर हो म्हणा. पेत्राने लिहिलं आहे की आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. त्यातला पहिला भाग आपण पाठ करतो, दुसरा गाळतो.

"तुमचा धर्म परका आहे" म्हणतात. काय उत्तर द्यायचं?

चिडून काही सांगू नका. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात बसून येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. तिचा हजारो ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला, तोही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे मिळत नव्हते. म्हणजे आपल्या भाषेत ख्रिस्ताचं नाव ओवीत बसल्याला चारशे वर्षं होऊन गेली. मराठी नवा करार १८११ मध्ये आला. बाबा पदमनजींनी १८५७ साली विधवांच्या दुःखावर कादंबरी लिहिली. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूला तुकोबांच्या वाटेने, अभंगातून हाक मारली. ते अभंग आपण दर रविवारी टाळांवर म्हणतो. लक्ष्मीबाईंना नवऱ्याचा हा निर्णय पचायला पाच वर्षं लागली, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या मनाने आल्या. स्टीफन्स बाहेरून आले होते, पण पदमनजी, टिळक, लक्ष्मीबाई ही माणसं इथल्याच मातीतली.

पण खरं बोलायचं तर पुरतं बोलावं. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं आणि धर्माच्या नावाने माणसांचा छळ झाला. देवळं पाडली गेली. हे कोणी तोंडावर फेकलं तर झटकू नका. "झालं ते पाप होतं" एवढं म्हणा. ते म्हणता आलं नाही तर आपल्या बाकीच्या बोलण्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

गणपतीची वर्गणी द्यावी का? प्रसाद घ्यावा का? हळदीकुंकवाला जावं का?

शेजाऱ्याच्या आनंदात जा. दिवाळीला बोलावलं तर फराळ खा. नाताळला आपल्या करंज्या आणि अनारशांचं ताट त्यांच्या घरी पाठवतोच ना? आरतीला हात जोडून उभं राहायचं की नाही हे तुमचं मन आणि देव यांच्यातलं आहे. मी उभी राहत नाही, पण शेजारणीच्या घरी बाहेरच्या खोलीत बसते आणि नंतर गप्पा मारून येते. तिला ते चालतं, आमची चाळीस वर्षांची ओळख आहे.

प्रसादाबद्दल मंडळीत दोन मतं आहेत. पौलाने करिंथकरांना लिहिताना (पहिलं पत्र, ८ ते १० अध्याय) दोन गोष्टी एकत्र सांगितल्या: मूर्ती म्हणजे काही नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या खाण्याने एखाद्या कच्च्या विश्वासणाऱ्याचं मन डळमळणार असेल तर खाऊ नका. मी हातात घेते, नमस्कार करते, आणि समोरच्याचा अपमान होणार नाही असं बघते. पाळकसाहेबांच्या मते नम्रपणे नाही म्हणणं बरं. वर्गणीचं सोपं आहे. मंडळ रक्तदान शिबिर घेतं, पावसाळ्यात नाला साफ करतं. त्यासाठी म्हणून द्या आणि तसं पावतीवर लिहून घ्या.

ख्रिस्ती मंडळीत जात नसते ना?

असते. आपल्या मुलामुलींच्या लग्नाची बोलणी ऐका, म्हणजे कळेल.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जी गावंच्या गावं ख्रिस्ती झाली ती बहुतेक महार आणि मांग वस्त्यांतली. त्यांना कोणी देवळात येऊ देत नव्हतं, आणि इथे एकाच भाकरीतून तुकडा मिळत होता. त्या तुकड्याची किंमत आज आपल्याला कळत नाही. आणि तरी काय झालं? कुठल्या वस्तीतून आलेलं कुटुंब, कुठल्या मिशनचं, कोणाचे आजोबा आधी बामण होते, हे सगळं आपण मंडळीच्या आत आणून ठेवलं. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढे आणि फाटक्या कपड्यांच्या माणसाला पायाशी बसवणाऱ्यांना खडसावलं आहे. ते पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजून वाचावं.

यात कायद्याचीही एक गाठ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २००७ च्या रंगनाथ मिश्र आयोगाच्या अहवालाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं होतं. पण अट राहिलीच, त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असतो. लोक मला विचारतात, हे खोटं बोलणं आहे का? हे ओझं त्यांच्या पाठीवर कोणी ठेवलं ते मी आधी बघते. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांना वेगळी विहीर वापरायला लावायचं थांबवलं नव्हतं. मुलाची फी आणि देवापुढचं नाव यांत निवड करायला लावणारा नियम मला अन्यायाचा वाटतो. त्या माणसाला मंडळीतून वाळीत टाकणं तर त्याहून वाईट.

विहिरीवरून जामखेड आठवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, लग्नाच्या वेळी दोघांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांत घालवायचं. अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९७० साली आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडला कामाला लागले. ते दुष्काळाचे दिवस होते. गावोगाव बोअर घ्यायचे ठरले तेव्हा त्यांनी पाणी कुठे शोधायला सांगितलं? दलित वस्तीत. हातपंप तिथेच बसले. मग ज्या वस्तीत पाय ठेवायला लोक विटाळ मानत, तिथेच सगळं गाव घागर घेऊन रांगेत उभं राहिलं. वादविवाद नाही, भाषण नाही. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या अनेकींना वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित होत्या, टाकलेल्या होत्या. त्याच बाळंतपणं करू लागल्या, आणि सवर्णांच्या घरात त्यांना आत बोलावलं जाऊ लागलं. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. "ख्रिस्ती जगणं कसं दिसतं?" असं कॉलेजातली मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना जामखेडच्या एसटीत बसवते.

क्षमा करायची म्हणजे तक्रार करायची नाही का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर. बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? पौलाने फिलिप्पैत आपलं रोमी नागरिकत्व पुढे करून अधिकाऱ्यांना माफी मागायला आणलं. दोघेही क्षमा करणारे होते, आणि दोघांनीही चुकीला चूक म्हटलं.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि तिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, आणि मुलीला घेऊन बारीपदाच्या कुष्ठरोग्यांत काम करत राहिल्या. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खटला मात्र चालला, शिक्षा झाली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमेने त्यांच्या मनातला सूड काढून घेतला. न्यायालयाचं काम न्यायालयाने केलं.

हे मी मोठ्या घटनेवरून सांगितलं, पण विचारणाऱ्या बहुतेक जणी घरात मार खाणाऱ्या असतात. बाई, तुला कोणी "क्रूस आहे, सहन कर" म्हणालं असेल, तर ते येशूचं बोलणं नाही. क्रूस त्याने स्वतः उचलला होता, कोणाच्या बायकोच्या पाठीवर ठेवला नव्हता. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तुझ्यासाठी आहे, १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे. आधी सुरक्षित ठिकाणी जा. क्षमेचं नंतर बघू, आणि त्याची घाई कोणालाही करू देऊ नकोस.

अन्यायाविरुद्ध बोलणं म्हणजे मंडळीत राजकारण आणणं नाही का?

पुण्यात १८९७ साली प्लेगचा बंदोबस्त चालू असताना स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी लिहिलं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरवी वसई वाचवायला, जमिनी गिळणाऱ्यांच्या विरोधात लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. तेच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आदिवासींच्या हक्कांसाठी झारखंडात काम केलेले फादर स्टॅन स्वामी ८३ व्या वर्षी अटकेत गेले. कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता म्हणून त्यांना तळोजा तुरुंगात पाणी प्यायला नळी मागावी लागली. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, जामिनाची सुनावणी बाकी असतानाच ते गेले.

मंडळीच्या व्यासपीठावरून कोणत्या पक्षाला मत द्या हे कधीही सांगू नये. पण गावात एखाद्याची जमीन बळकावली जात असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर त्याच्या बाजूला उभं राहणं मला उपासनेचाच भाग वाटतो. पाळकसाहेब म्हणतात, उभं राहा, पण मंडळीच्या नावाने नको, नागरिक म्हणून राहा. त्यांच्या काळजीला कारण आहे. निस्तरावं त्यांनाच लागतं.

लाच दिल्याशिवाय काम होत नाही. मग काय करायचं?

सासऱ्यांच्या जमिनीवर वारसांची नावं लागायला मला अकरा महिने लागले, कारण मी पाकीट दिलं नाही. अर्जाची पोच, स्मरणपत्रं, माहितीच्या अधिकारात एक अर्ज, आणि दर पंधरा दिवसांनी बसने खेप. सोपं नव्हतं. पण माझी पेन्शन चालू होती, म्हणून मला थांबता आलं. दवाखान्याच्या दारात पोराला घेऊन उभ्या असलेल्या बापाने कोणाच्या हातावर शंभर रुपये ठेवले तर मी त्याला दोष देणार नाही. घेणाऱ्याला देईन. आणि तो घेणारा आपल्या मंडळीतला असेल, तर त्याला वडीलमंडळींनी समोर बसवून विचारावं.

मंडळीतच भांडणं आणि मिळकतीचे खटले चालू आहेत. अशा ठिकाणी का यायचं?

मलाही रडू आलेलं आहे यावरून. मिशनच्या जमिनी मौल्यवान झाल्या आणि भावाभावांत कोर्ट लागलं. यात मी कोणाची बाजू लिहीत नाही. हिशोब दरवर्षी भिंतीवर लावा, तरुण मुलींना कमिटीत घ्या. आणि या, कारण शेवटच्या बाकावर बसलेल्या आजीला तुम्ही आलात का ते बघायचं असतं.

मन खचलंय. प्रार्थनेला शब्दच येत नाहीत.

मग शब्द आणू नका. ८८ वं स्तोत्र उघडा. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठेही उजेड नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. एलीया झुडपाखाली "आता मला मरू दे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला घातलं.

मरणाचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पाळकांना, मला, शेजाऱ्याला, कोणालाही उठवा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या घरांना मी विशेष सांगते: सावकाराचं देणं हे तुमच्या जिवापेक्षा मोठं नाही. आणि ज्या घरात असं मरण झालं आहे, तिथे दफनविधी नाकारणं किंवा कुजबुज करणं मंडळीने बंद करावं. तो माणूस शेवटच्या रात्री कोणत्या आगीत होता आणि त्याच्याजवळ कोण उभं होतं, हे आपण पाहिलेलं नाही.

मुलं शहरात गेली आणि चर्चला जायची बंद झाली. काय करू?

दर रविवारी फोन करून "गेलास का?" विचारणं थांबवा. "जेवलास का?" विचारा. घरी आल्यावर रात्रीची कौटुंबिक प्रार्थना तुमची तुम्ही करा, लहान करा, आणि त्यात त्याचं नाव घ्या, त्याला सुधारण्यासाठी न घेता. माझा मुलगा सहा वर्षं आला नव्हता. आता कधी येतो, कधी नाही. आला की पेटी वाजवतो.

मी ख्रिस्ती नाही. नुसतं येऊन बसलं तर चालेल का?

या ना. चपला बाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं. पुढच्या बाजूला भिंतीशी खुर्च्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांसाठी. अभंगाची वही कोणीतरी पुढे करेल, चाल ओळखीची वाटली तर म्हणा. प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच बसून राहिलात तरी कोणी वळून बघणार नाही. तुमच्याकडून कोणी काही लिहून घेणार नाही, नंबरही मागणार नाही. साडेनऊला सुरू होतं, खरं तर पावणेदहाला. नंतर चिंचेखाली चहा असतो.